हिरवा कुठून आला

खराडीच्या मॉलमध्ये, चौथ्या मजल्यावर,
खेळ सुटला तेव्हा पावणेबारा झाले होते
आणि सरकत्या जिन्यावर सगळे एकदम बोलायला लागले.

एक म्हणाला, जुन्याची सर नाही.
(वय बघता जुना त्यानं मोबाइलवर पाहिला असणार,
तोही अर्धा.)
एक बाई म्हणाल्या, शेपटी फार सुरेख जमलीय,
पूल पाडताना मात्र त्यानं जरा घाईच केली.
केतकर नावाचे गृहस्थ –
नाव कळलं ते बायकोनं हाक मारली म्हणून,
"अहो केतकर, चारशे रुपये देऊन घोरायचं होतं
तर घरी पलंग होता की" –
केतकर म्हणाले, मूळ चित्रपटात एक तत्त्व होतं.
कोणतं, ते जिना संपेपर्यंत आठवलं नाही.

मग काळ्या बनियनमधला एक पोरगा:
"सगळं ठीक, पण हिरवा का केला त्याला?
मूळचा राखाडी होता."
"राखाडी कसला, चित्रपटच काळापांढरा होता."
"मग हिरवा कुठून आला?"

मी दोन पायऱ्या वर उभा.
कठड्यावरचा हात थरथरत होता.
हल्ली मी समजून घेतो, जिनाच थरथरतोय.

अडुसष्ट साल. लष्करातल्या टॉकीजसाठी वीस फुटी बॅनर.
इस्माईल पेंटर परांचीवर, मी खाली डबे ढवळत.
मुंबईहून आलेला फोटो एकच, पोस्टकार्डाएवढा,
त्यात तो कमरेइतक्या समुद्रात, आणि पाठमोरा.
तोंड आम्ही आमच्या जबाबदारीवर केलं.
जबडा पेशवे पार्कातल्या मगरीचा,
डोळे रास्ता पेठेतल्या एका घरमालकाचे,
ज्याला इस्माईलभाई तीन महिन्यांचं भाडं देणं होता.
रंगाचं कुणी काही कळवलंच नव्हतं.
आदल्या आठवड्यातल्या पौराणिक बॅनरचा,
देवीच्या शालूचा हिरवा उरला होता. अर्धा डबा.
इस्माईलभाई वरून म्हणाला, ओत.

मतं तेव्हाही आली.
पहिल्याच खेळाला खिडकीवर गर्दी:
बाहेर हिरवा दाखवता, आत राखाडी? पैसे परत करा!
फ्रामरोजशेठनं शांतपणे पानाचा तोबरा बदलला.
आत, पुढच्या बाकावरून, कुणी तालमीतला गडी ओरडला,
"त्याच्या पाठीला चेन आहे! आत माणूस आहे!"
शेजारचा म्हणाला, "बस खाली. दिसतीय सगळ्यांना."
मलाही दिसली होती.
त्या रबरात आतल्याला किती उकडत असेल,
या एका विचारानं मी शेवटपर्यंत
शहराच्या नाही, त्याच्या बाजूनं होतो.

बॅनर उतरलं. कापडाला चुना मारून पुढचा चित्रपट.
पण तो हिरवा मरेना.
तीन चित्रपट आतून वर येत राहिला,
कधी नायिकेच्या गालावर, कधी इन्स्पेक्टरच्या मिशीत.
लोकांना वाटलं, पेंटर आजारी आहे.
तो होताही. त्याच वर्षी गेला.

आता तिकडे परदेशात कुणी ते बॅनर पाहिलं असेल,
इतका काही मी खुळा नाही.
पण दुसऱ्या कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी परांचीखाली,
कुणाकडे तरी अर्धा डबा उरलेला असणारच.

पार्किंगमध्ये नात पावती शोधत म्हणाली,
"आजोबा, तुम्हाला कसा वाटला? काहीच बोलला नाहीत."
पोरगा काळ्या बनियनचा शेजारीच गाडी काढत होता.
सांगावंसं वाटलं.
पण म्हणालो एवढंच:
"बरा होता. हिरवा पातळ झालाय जरा.
टर्पेंटाइन कमी घालायला हवं होतं."